समान म्हंजे काय?
घासलेटचा वास आला, की मला आमच्या तापीकाठच्या गावातला प्रौढांचा वर्ग आठवतो. साठ-एकसष्ट साल असेल. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि दिवेलागणीला आमच्याच खळ्यात कंदील टांगून मजुरांना अक्षरं शिकवायचो. एकदा आमच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या भिल्ल बाईनं विचारलं, "भाऊ, समान म्हंजे काय?" मी ऐटीत म्हणालो, "म्हंजे सारखं. तू आनि मी समान शेतस." दुसऱ्या सकाळी ती तो शब्द पाटीवर गिरवून आली आणि मला दाखवायला थेट ओट्यावर, माझ्या खाटेवर शेजारी बसली. काकी दारातून ओरडली, "काय वं, आज तू पाटलीन हुयी गई का?" बाई हसली. "भाऊनीच सांगं, आम्ही समान शेतस." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान खाली घालून म्हणालो, "ते पुस्तकमातलं शे." ती उठली. बसली होती ती जागा तिनं पदरानं पुसली, मग त्याच पदरानं पाटी पुसली, आणि पाटी माझ्याजवळ ठेवून कापसाकडे चालू लागली. त्या दिवसापासून ती वर्गाला आली नाही, तिच्याबरोबरचे बाकीचे मजूरही नाहीत. चार-पाच संध्याकाळी मी रिकाम्या खळ्यात एकटाच बसून राहिलो. वर्ग का मोडला, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, त्यांना शिकायचंच नव्हतं. आज ऐंशीच्या घरात आलो, तरी परवापर्यंत मी तेच सांगत होतो.