शेठनं भाव केला नाही

पेणच्या बाजारात दिनानाथशेठनं भाव न पाडता काही विकत घेतलं, असं कुणी सांगितलं असतं तर लोकांनी त्या सांगणाऱ्याला आधी सावलीत बसवून पाणी पाजलं असतं. शेठचं दुकान पूजेच्या सामानाचं आणि सजावटीचं. सख्ख्या मेहुण्याच्या नारळांनाही त्यानं "बारीक आहेत" म्हणून नावं ठेवली होती, आणि मेहुणा तेव्हापासून नारळ दुसरीकडे टाकतो. अशा माणसानं त्या दिवशी हलीमाची तोरणं हातात घेतली, एकही उलटून बघितलं नाही, तिनं सांगितला तो भाव मुकाट दिला आणि वर विचारलं, "चहा घेनार काय, हलीमाबाय?"

हलीमानं चहा घेतला नाही. एस.टी. स्टँडकडे चालताना खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. पण वर्षानुवर्षं जे दार खांदा लावून ढकललं ते आतून कुणी एकाएकी उघडावं आणि आपण तोंडावर पडावं, तसं तिचं झालं होतं.

हलीमा रोह्याची, नदीपलीकडच्या अष्टमीतली. क्रोशाचं विणकाम तिला फुफीनं, म्हणजे आत्यानं, शिकवलं. तोंड चालवायला मात्र कुणी शिकवलं नाही, ते उपजतच होतं. तिच्या हातची तोरणं आणि नैवेद्याचे रुमाल गणपतीत पेणच्या दुकानांत लागायचे, आणि ईदच्या आधी नमाजाच्या जाळीदार टोप्या अलिबागपर्यंत जायच्या. पलीकडच्या गावातली सगुणा तोरणांना गोंडे लावायला रोज यायची. धंदा म्हणजे एवढाच: दोन बायका, एक चटई, दोऱ्याच्या लडी आणि हलीमाची जीभ.

शेठबरोबरचं तिचं भांडण बघायला शेजारचे दुकानदार गल्ल्यावरून उठून यायचे. शेठ तोरण उलटं करून म्हणायचा, "पेणच्या बाजारात याच्या निम्म्यात मिलतं." हलीमा म्हणायची, "मग निम्म्यातलंच घ्या शेठ, एकदा धुतलं का निम्मंच राहील." शेवटी सौदा मध्ये कुठंतरी तुटायचा आणि दोघंही लुबाडलं गेल्यासारखं तोंड करून, आतून खूश होऊन आपापल्या कामाला लागायची.

तिचा नवरा मुराद आखातात टगवर खलाशी होता. टग म्हणजे मोठ्या जहाजाला दोराने ओढत नेणारी बुटकी बोट. मुंगळ्यानं गुळाची ढेप ओढावी तसं आपलं काम, असं तो स्वतःच सांगायचा आणि हसायचा. तो ज्या दिवशी घरून निघायचा, त्या दिवशी हलीमा त्याच्यासाठी एक टोपी विणायला घ्यायची. टोपी टाळूच्या मध्यावर सुरू होते आणि फेऱ्याफेऱ्यानं वाढत कानापर्यंत येते. मुरादचा फोन आला की एक फेरा घालायचा, असा तिचा नियम. फोन नाही तर फेरा नाही. मग तो सुट्टीवर आला की शेवटची कड घालून टोपी त्याच्या डोक्यावर ठेवायची. ही रीत कुठल्या किताबात लिहिलेली नव्हती. तिनं आपली आपणच घातली होती, आणि म्हणूनच ती मोडायची तिला जास्त भीती वाटायची.

या खेपेची टोपी तळहाताएवढी होऊन थांबली होती. त्यात नवल नव्हतं. टग बंदराला लागला की फोन, नाही तर आठवडेच्या आठवडे काही नाही. मुलगी अफशा कधी विचारायची तेव्हा हलीमा म्हणायची, "रेंज काय दर्यात उगवते गो?" आणि दुसरं काम हातात घ्यायची.

काम तर असं वाढलं की बघायला नको. मुरादचा धाकटा भाऊ आमीर शेजारीच राहायचा, त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. तो एका सकाळी दारात उभा राहून म्हणाला, "भाबी, महाडच्या मदरशाला टोप्या पायजेत. पोत्यानं." बोलताना तो हलीमाकडे बघत नव्हता, लडीकडे बघत होता. मग मोहल्ल्यातल्या बायकांना झबली-टोपडी हवी झाली, ज्यांच्या घरात पाळणा हलायचं चिन्ह नव्हतं त्यांनासुद्धा. स्टेशनजवळच्या हॉटेलवाल्याला टेबलावर घालायला रुमाल हवे झाले. त्याच्या टेबलांवर आजवर कुणी फडकंही मारलं नव्हतं.

अफशा हरखून गेली. तिनं मोबाईलवर धंद्याचं पान उघडलं, 'हलीमा क्रोशा' असं नाव दिलं, दारावर पाटी लावायची म्हणाली. "अम्मी, बरकत आली!"

"बरकत येते तवा एका दाराशी येते," हलीमा म्हणाली. "सगळ्या गावाला बरोबर घेऊन नाय येत."

पाणी कुठंतरी मुरत होतं. ती मशिदीच्या बाजूनं गेली की कट्ट्यावरचे पुरुष बोलायचे थांबत. कोळीण मासळीबरोबर मूठभर कोलंबी वर टाकू लागली. आणि मग आमीरची बायको हुदा देग घेऊन आली. हलीमाची ही तांब्याची देग, म्हणजे मोठं पातेलं, हुदानं आपल्या लग्नाच्या वलीम्याच्या जेवणाला नेली होती आणि परत केली नव्हती. दोन्ही घरांत ईदच्या दिवशीसुद्धा त्यावरून टोमणे व्हायचे. ती आता कल्हई करून, घासूनपुसून, हुदानं स्वतःच्या कमरेवर आणली.

"काय गो, सूर्य आज कुटनं उगवला?" हलीमानं विचारलं.

हुदा हसली नाही. "तुमचीच हाय ना," एवढंच म्हणाली, आणि जाताना हलीमाच्या डोक्यावरून घसरलेली ओढणी तिनं हळूच सारखी केली. भांडखोर जावेचा हात असा डोक्याला कधी लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती खिरीचं भांडं घेऊन आमीरकडे गेली. माळ्याकडे सहज नजर गेली, तर तिथं पोती. पोत्यांच्या तोंडाशी हिरव्या दोऱ्याची दुहेरी गाठ. ती गाठ हलीमाची, दुसरं कुणी तशी मारत नाही. महाडच्या मदरशाच्या टोप्या अष्टमीच्या माळ्यावर बसल्या होत्या.

"गाडी नाय मिळाली, भाबी," आमीर म्हणाला. तिनं विचारलंही नव्हतं.

"मिळेल," हलीमा म्हणाली. तिनं ते मान्य केलं, कारण मान्य केलं नसतं तर पुढचा प्रश्न विचारावा लागला असता. तरी दारातून वळताना तिनं विचारलंच, "मुरादचा तुला काय फोन?"

"टग लांब हाय. येल." आमीर खिशातल्या किल्ल्या चाचपत राहिला.

घरी सगुणा गोंडे बांधत होती. दोरा तोडता तोडता ती म्हणाली, "हलीमाबाय, मी बोलू नये. पन मानसं न भांडता कवा वागतात गो? लग्नाच्या घरात, नायतर..." आणि तिनं जीभ चावली. हलीमा तिच्यावर एवढी ओरडली की अफशा स्वयंपाकघरातून धावत आली. पण त्या दुपारी सगुणानं गोंड्यांचे रंग उलटसुलट लावले, आणि हलीमानं एक चूक दाखवली नाही. मग तिच्याच लक्षात आलं, आपणही आता लोकांसारखं वागायला लागलो.

आमीरला दरडावून विचारता आलं असतं. हिंमत होत नव्हती. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मन म्हणायचं, आणि तेच मन रात्रभर डोळ्याला डोळा लागू देत नव्हतं. आमीर खरं बोलतोय की खोटं हे तिला कळेना, कारण तो आजवर तिच्याशी कधी खोटं बोललाच नव्हता. तिला असा माणूस हवा होता, ज्याचं खोटं तिला पाठ होतं. असा माणूस एकच होता. त्याचं खोटं ती इतकी वर्षं तोरणांच्या मागच्या बाजूनं बघत आली होती.

सकाळीच तिनं तोरणांची पिशवी भरली आणि पेणची एस.टी. धरली. निघताना काय वाटलं कोण जाणे, मुरादची ती अर्धी टोपी सुईसकट पिशवीत टाकली. वडखळला गाड्यांची रांग लागली होती. एस.टी. धूर खात उभी राहिली. शेजारच्या बाईनं टोपी बघून विचारलं, "कुनासाठी?" हलीमा म्हणाली, "नवऱ्यासाठी." बाई म्हणाली, "अजून बरीच रायलीय." हलीमानं टोपी परत पिशवीत घातली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिला बघताच दिनानाथशेठ गादीवरून उठून उभा राहिला. हा माणूस प्रांतसाहेब आला तरी उठत नसे.

"बसा शेठ. तोरणांचा भाव वाढलाय," हलीमा म्हणाली आणि नेहमीच्या दुप्पट भाव सांगितला.

"बरं," शेठ म्हणाला.

"आयकलात ना काय ते?"

"आयकलं."

"चुकलं माझं. तिप्पट."

शेठनं मान खाली घातली आणि गल्ल्याचा खण उघडला. "देतो, हलीमाबाय."

हलीमानं पुढं होऊन त्या खणावर हात ठेवला. 

"देऊ नका. भाव करा."

"आं?"

"भाव करा शेठ. नेहमीसारखा. उलटं करून बघा, गाठी दाखवा, रंग जाईल म्हना. निम्म्यात मिलतं म्हना. अल्लाच्या वास्ते म्हना."

दिनानाथशेठनं चष्मा चढवला. एक तोरण घेतलं, उलटं केलं. त्याला मनापासून करायचं होतं, ते दिसत होतं. एवढी एकच गोष्ट तिनं मागितली होती आणि तीच तर त्याला जन्मभर येत होती. "हलीमाबाय," तो म्हणाला, "हे... पेणच्या बाजारात याच्या निम्म्यात..."

पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघेना. तोरणाचा गोंडा बोटांत धरून तो नुसता उभा राहिला आणि चष्म्याआडून पाणी वाहायला लागलं.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. हलीमा दुकानाच्या खालच्या पायरीवर बसली.

"कवा?" तिनं विचारलं.

"आमीरनं शपथ घातलीय गो मला." इतक्या वर्षांत त्यानं तिला पहिल्यांदा गो म्हटलं.

"शपथ ऱ्हाऊ दे. कवा, तेवढं सांगा."

मग त्यानं सांगितलं. वादळी दर्यात जहाज ओढताना दोर आडवा ताणला गेला आणि टग उलटला. काही जण निघाले. मुराद निघाला नाही. कंपनीत घरचा नंबर म्हणून आमीरचा नंबर दिलेला, म्हणून फोन त्याला आला. शोध चालू आहे तोवर सांगायचं नाही, असं आमीरनं ठरवलं. पेणला येऊन शेठच्या पाया पडला. म्हणाला, भाबीचे हात कामात राहू देत, हात थांबले की ती विचार करत बसेल.

"आनि शोध?"

"परवा थांबवला," शेठ म्हणाला. "नाय गावला."

 हलीमा उठली आणि तोरणं त्याच्या पुढ्यात नीट रचली. "नेहमीच्या भावानं घ्या," ती म्हणाली. "तिप्पट मी उगाच म्हनलं."

ती घरी पोचली तेव्हा आमीर तिच्याच पायरीवर बसला होता. तिचा चेहरा बघून तो अर्धवट उठला आणि परत बसला. तिला रडू येत नव्हतं, नुसता राग येत होता. दर्यावर, टगवर, मोहल्ल्यावर, आणि सगळ्यात जास्त या समोर बसलेल्या, भावासारखंच नाक असलेल्या माणसावर.

"माळ्यावरची पोती खाली काढ," ती म्हणाली. "महाडची पोरं उघड्या डोक्यानं बसलीत."

आमीरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हलीमा त्याच्या बाजूनं आत गेली, आणि थोड्या वेळानं घरातून अफशाची किंकाळी ऐकू आली.

संध्याकाळी घर बायकांनी भरलं. आलेल्यांसाठी भात शिजवायला मोठं भांडं हवं होतं. हुदानं कोपऱ्यातली कल्हई केलेली देग उचलली आणि चुलीवर चढवली.

अफशा आईच्या पायाशी बसली होती. रडून तिचे डोळे सुजले होते. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिनं पिशवी उपसली, तर ती टोपी निघाली. सुई शेवटच्या टाक्यात तशीच अडकलेली. तिनं दोरा बोटाला गुंडाळला.

"अम्मी, मी कड घालून पुरी करू ही? अब्बाची म्हनून ठेवू."

हलीमानं तिच्या हातातून टोपी ओढून घेतली.

"फोन आलाय काय?"

"नाय, अम्मी."

"मंग फेरा नाय."