खलनायकाचा कोट

शिंपीणकाकू कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवरा गेल्यापासून शिवणयंत्र हाच त्यांचा संसार. माप द्यायला आलेल्या बायका मनही मोकळं करून जायच्या, पण काकूंच्या पोटात गेलेलं कधी ओठांवर आलं नाही.

त्या वर्षी फिरती नाटक मंडळी आली आणि धान्याच्या कोठारात खेळ लागला. नाटकातल्या नवऱ्याने बायकोला फरफटत घराबाहेर काढलं, तसा गिरणीवाला उठला आणि थेट नटाच्या अंगावर धावून गेला. चौघांनी धरलं म्हणून बरं. कोटाची बाही फाटण्यावर निभावलं.

सकाळी नट तो कोट घेऊन काकूंकडे आला. माणूस इतका गरीब, की बसायलाही संकोचत होता. काकू सुईत दोरा ओवतात तोच बाहेर गलका झाला. गिरणीवाला हातात पहार घेऊन इकडेच येत होता, मागे बघ्यांची ही गर्दी. नटाची बोबडीच वळली. त्याला कापडाच्या गठ्ठ्यांमागे ढकलून काकू दारात आडव्या झाल्या.

"काकू, बाजूला व्हा," गिरणीवाला म्हणाला.

काकूंनी परोपरीने सांगितलं, ते सगळं सोंग होतं, त्या बाईला साधं खरचटलंही नाही. पण तो ऐकेल तर शपथ. त्याने उंबऱ्यात पाय टाकला. काकू हलल्या नाहीत.

"तुझी बहीण मार खाऊन तुझ्या दारात आली होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "फाटलेला ब्लाउज माझ्याकडूनच शिवून घेतला तिने. दुसऱ्या दिवशी तूच तिला नवऱ्याच्या घरी परत सोडून आलास. तेव्हा कुठे होती रे ही पहार?"

गिरणीवाल्याच्या मुठी आवळल्या. आता पहार उठते की काय, म्हणून काकूंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो पाठमोरा होऊन गर्दीतून वाट काढत होता.

मंडळी दुपारीच गाव सोडून गेली. त्याच आठवड्यात गिरणी बंद ठेवून तो बहिणीला घेऊन आला. ती पुढे काकूंकडेच शिवण शिकली. गिरणीवाला मात्र काकूंशी जन्मात पुन्हा बोलला नाही. काकूंना त्याचं वाईट वाटायचं, पण बोलल्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही.