वजन न पुकारणारे अण्णा

चनबसप्पाअण्णांची आणि माझी ओळख धान्यबाजारातल्या लोखंडी काट्यावर झाली. गौरवग्रंथातला लेख अशा वाक्याने सुरू होऊ नये, हे मला कळते. या ग्रंथाचे संपादक म्हणजे बाजारातले हमाल आणि वजन करणारे तोलार बंधू. 'बाई, तुमी शाळंतल्या, जरा चांगल्या भाषेत लिवा' असे त्यांनी मला बजावले आहे. पण अण्णांना साठ वर्षे पूर्ण होत असताना त्यांच्याविषयी लिहायचे आणि काट्याचे नाव काढायचे नाही, हे मला जमणार नाही. त्या काट्यावर मी पहिल्या खेपेला एकशे चौतीस किलो भरले होते.

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते आणि सात रस्त्याजवळ राहते. मागच्या दुष्काळात माणसे खडी फोडायला जात होती, रेशनच्या रांगेत मिलोसाठी, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या तांबड्या ज्वारीसाठी तिष्ठत होती, आणि त्याच रांगेत मीही उभी असे. 'बाईंना दुष्काळ दिसलाच न्हाय वाटतं,' असे मागून कोणीतरी म्हणे. मी वळून पाहत नसे. माझ्याही घरात तोच तांबडा मिलो शिजत होता, पण ते कोणाला पटले असते? पुढे गुडघे गेले, वरच्या मजल्यावरच्या वर्गात पोचेपर्यंत धाप लागू लागली, आणि भावाने मला मुंबईला नेले. तिथे विलायतेहून आलेल्या एका सर्जननी माझ्या पोटावर शस्त्रक्रिया केली. आतड्याचा मोठा भाग वाटेतून बाजूला ठेवायचा, म्हणजे खाल्लेले सगळे अंगी लागत नाही, असे काहीसे ते होते. तेव्हा आपल्याकडे हे फारसे कोणी करून घेत नसे. निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. थोडे थोडे, पण रोज न चुकता खायचे, आणि दर महिन्याला वजन पत्राने कळवायचे. 'दोन वर्षे लागतील. भरभर उतरले तर मला आनंद होणार नाही,' असेही ते म्हणाले. मी मान डोलावली. इस्पितळाच्या खाटेवर माणूस सगळ्यालाच मान डोलावतो.

सोलापुरात आले तर दवाखान्यातला काटा एकशे वीसलाच संपत होता. 'बाई, तुमाला धान्यबाजारातच जावं लागतंय,' असे तिथला कंपाउंडर हसत हसत म्हणाला. त्याने थट्टा केली होती. मी टांग्यात बसून रडले, आणि रडून झाल्यावर टांगेवाल्याला खरोखरच धान्यबाजारात न्यायला सांगितले.

बाजार भरात होता. पोती, हमाल, गाड्या, आरडाओरडा. मी टांग्यातून उतरले नाही. एक उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे असलेले गृहस्थ जवळ आले आणि 'कोन पायजे?' म्हणून त्यांनी विचारले. हेच अण्णा, तिथले तोलार. मी खालच्या आवाजात सगळे सांगितले. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा मागच्या गर्दीकडे पाहिले.

"आज नगं," ते म्हणाले. "अमावस्येला या. त्या दिशी बाजार बंद आसतंय. मी येतो, घरच्यांना बी आणतो."

त्या अमावस्येला अण्णा आपल्या पत्नी गंगव्वाअक्कांना घेऊन आले होते. दोघांचे मूळ गाव मंद्रूप. अक्का माझ्याशी मराठी बोलत आणि अण्णांशी कानडी. अण्णांनी आधी काट्याचा पाट पुसला, मग शिक्क्याची वजने ठेवून काटा खरा आहे की नाही ते पाहिले. मी चढायला गेले तेव्हा मला थांबवून ते म्हणाले, "बाई, दर खेपेला हेच लुगडं नेसून या. लुगडं बदललं की वजन बदलतंय, मग तुमी उगं हसनार न्हायतर उगं रडनार." माझे ते हिरवे इरकली लुगडे तेव्हापासून काट्याचे लुगडे झाले. मी चढले. अण्णांनी दांडीवरचे वजन सरकवले, आकडा एका कागदाच्या तुकड्यावर लिहिला, तुकड्याची दोनदा घडी घातली आणि माझ्या हातात दिला. तोंडाने ते काहीही बोलले नाहीत.

बाजार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. तोलाराचे काम हाताइतकेच आवाजाचे असते. पोते काट्यावर चढले की तोलाराने वजन सगळ्यांना ऐकू जाईल असे पुकारायचे, म्हणजे विकणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला एकदमच कळते. अण्णांचा आवाज तर दोन ओळी पलीकडच्या दुकानात ऐकू जाई. आणि तेच अण्णा माझे वजन मात्र कागदावर लिहून घडी घालून देत. मला वाटले, बाईमाणसाची भीड असेल.

त्यांच्या सचोटीविषयी इतर लेखक लिहितीलच. मी पाहिलेले एवढेच. एकदा मंद्रूपचे एक शेतकरी आपली ज्वारी घेऊन आले आणि गावकीच्या हक्काने म्हणाले, "अण्णा, जरा बगून घ्या की." अण्णा म्हणाले, "बगूनच घ्यालोय. गावचा म्हणून जास्त न्हाय, परका म्हणून कमी न्हाय." ते शेतकरी रागावून गेले, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा अण्णांच्याच काट्यावर आले.

पहिल्या पाच महिन्यांत माझे वजन सव्वीस किलोंनी उतरले. दिवसातून आठ-दहा वेळा पोट जाई, केस पुंजक्याने गळत, पण आकडा उतरत होता आणि मला दुसरे काही दिसत नव्हते. एकदा धीर न धरवून मी अमावस्येच्या आधीच भर बाजाराच्या दिवशी गेले. अण्णांनी काट्यावर हात आडवा धरला. "न्हाय. अमावस्येलाच. रोज रोज मोजत बसलाव तर जगनार कवा?" मी घुश्शात परत गेले. वर्गात त्या दिवशी मुलींना उगाच बोलणी खावी लागली.

मग आकडा थांबला. एक अमावस्या गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. कागदावर तेच एकशे आठ. हे किती खचवणारे असते ते सोसलेल्यालाच कळेल. पोट कापून घेतले, सुट्या गेल्या, शरीराचे हाल झाले, आणि काटा मख्खासारखा जागच्या जागी. तिसऱ्या खेपेला मी काट्यावरून उतरलेच नाही, तिथेच पाटावर बसून राहिले. अक्कांनी माझा हात उचलून धरला तशी बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकल्या. "बगा की बाई, गेल्या वक्ताला ह्या हलत बी नव्हत्या," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पाठीवर हात फिरवत कानडीत पुटपुटल्या, "निधान, निधान." म्हणजे सावकाश. माझ्या आईनेही मला कधी इतक्या मायेने सावकाश म्हटले नव्हते.

एवढे असून मी मूर्खपणा केलाच. शिक्षकांच्या खोलीत एक बाई म्हणाल्या, "पोट फाडून घेतलं आणि आहेत तशाच!" सगळे हसले. त्या दिवसापासून मी जेवण जवळजवळ सोडले. डबा घरून नेई आणि शाळेमागच्या गाईपुढे टाकी. चहावर दिवस काढी. उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येई, तेव्हा मी नकाशाच्या काठीचा आधार घेई. पुढच्या अमावस्येला काट्यावर चढले तेव्हा मला खात्री होती की आज अण्णा हसतील.

अण्णांनी वजन सरकवले, परत सरकवले. नऊ किलो कमी. त्यांनी चिठ्ठी लिहिली नाही.

"काय खाल्लाव ह्या महिन्यात?"

"सगळं. डॉक्टरांनी सांगितलं तसं," मी म्हणाले.

"काटा खोटं बोलत न्हाय बाई, आन तुमी बोलालाव. नवी जवारी हळू वाळली की टिकते. आगीवर वाळवली की आतून फुटते. हे वाळनं न्हाय, हे मरन हाय."

मीही चिडले. म्हटले, मरण आले तरी हलक्या अंगाने येऊ दे, तिरडी उचलणारे तरी हसणार नाहीत. हे शब्द तोंडून गेले आणि अक्का एकदम तोंड फिरवून भिंतीकडे पाहत उभ्या राहिल्या. अण्णा पाटावर बसले. पुढचे त्यांनी एकदाच सांगितले, पुन्हा कधी नाही.

त्यांना एकच मुलगी होती, शांता. सोळा वर्षांची, अंगाने भरलेली, हसऱ्या स्वभावाची. दुपारची भाकरी घेऊन ती बाजारात येई. एका दुपारी हमालांनी थट्टा केली, 'अण्णा, लेकीचं पोतं किती भरतंय बगू.' अण्णाही रंगात होते. त्यांनी तिला काट्यावर उभी केली आणि पोत्याचे वजन पुकारावे तसे तिचे वजन भर बाजारात पुकारले. सारा बाजार हसला, अण्णाही हसले. शांताही हसली. दुसऱ्या दिवशी भाकरी शेजारचा पोरगा घेऊन आला. त्यानंतर शांता बाजारात कधी आली नाही, आणि घरात ती आपले ताट गुपचूप शेळीपुढे सरकवू लागली. 'पोट भरलंय' म्हणायची. घरच्यांना वाटले, वयात आलेली पोर आहे, लाजत असेल. चार महिन्यांनी तिला ताप आला. तापाशी झगडायला अंगात काही उरलेच नाही, असे डॉक्टर म्हणाले.

"मातीला न्हेताना मीच उचलली तिला," अण्णा म्हणाले. "तोलाराचे हात हायत, बाई. काट्याची गरज पडत न्हाय. हातावर घेतली की कळलं मला, किती राहिली होती ते."

मी त्या दिवशी त्यांच्या घरी गेले. अक्कांनी मऊ भात आणि मुगाचे वरण माझ्यापुढे ठेवले आणि मी ते संपवीपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत. मी रडत होते आणि जेवत होते. पुढच्या अमावस्येला वजन दोन किलोंनी वाढलेले निघाले. अण्णांनी चिठ्ठी लिहिली, घडी घातली आणि म्हणाले, "लई ब्येस झालं." वजन वाढले म्हणून माझे अभिनंदन करणारे माझ्या आयुष्यात ते एकटेच.

त्यानंतर मी घाई केली नाही. एखाद्या महिन्यात तीन-चार किलो उतरत, एखाद्या महिन्यात काहीच नाही. एरवी सणाला ज्यांच्या घरी मी गेले असते त्या नातलगांपेक्षा या दोघांकडे माझे जाणे वाढले. अक्का माझ्यासाठी बिनतेलाचे काही ना काही करून ठेवीत. मला त्यांनी कधी 'पोरी' म्हटले नाही, नेहमी 'बाई'च म्हणत. मी ते समजू शकते.

दोन वर्षे उलटून गेल्यावर मुंबईहून पत्र आले, की आता दर महिन्याला वजन कळवण्याची गरज नाही. ते पत्र घेऊन मी भर बाजाराच्या दिवशी, भर दुपारी गेले. अंगावर तेच हिरवे लुगडे होते, निऱ्या मात्र पुष्कळ जास्त पडत होत्या. मी कोणाला न विचारता काट्यावर चढले आणि म्हणाले, "अण्णा, आज मोठ्यानं पुकारा." मला वाटत होते की मी त्यांना काहीतरी परत देते आहे. ते बरोबर होते की चूक, हे मला आजही कळलेले नाही.

"नगं बाई," अण्णा म्हणाले.

मी उतरले नाही. मागे पोती घेऊन हमाल खोळंबले होते. अण्णांनी दांडीवरचे वजन सरकवले, डोळे मिटले आणि पुकारले, "एकाहत्तर!"

दोन ओळी पलीकडे ऐकू गेला असेल तो आवाज. कोणीही हसले नाही. कोणी वर मान करूनही पाहिले नाही. पाठीवर पोते घेतलेला एक हमाल तेवढा म्हणाला, "बाई, उतरा की, पोती यायलीत."

मी उतरले. अण्णांचा हात दांडीवरच होता. "बगा," ते म्हणाले, "येवडंच आसतंय. नुस्ता आकडा. त्या दिशी मी हसलो नसतो तर..." आणि पुढचे पोते काट्यावर चढले, म्हणून त्यांनी त्याचे वजन पुकारले.

ही हकीगत छापण्याआधी मी अण्णांच्या घरी जाऊन त्यांना विचारले. ते म्हणाले, "लिवा. माजं कवतिक कमी करा, तिचं नाव लिवा."

अण्णा, तुमचे कौतुक मी मुळीच कमी करणार नाही, पण नाव लिहिले आहे. अक्कांसह तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो. शांतेची जी वर्षे राहून गेली तीही तुम्हाला मिळोत, असे मी देवाकडे मागते आहे. तुम्हाला ती नको असतील, ठाऊक आहे मला. तरी घ्या. नऊ किलो उतरले त्या अमावस्येला तुम्ही काही न विचारता चिठ्ठी लिहून दिली असती, तर हे मागायला मी उरलेच नसते.