देव नाही, बेडूक आहे

“ताई, देव नाही हा. बेडूक आहे.” खिशातली तेलकट चिंधी काढून पितळी बेडकाच्या डोक्यावरचं कुंकू पुसत काका रोज कुणाला तरी हे ऐकवायचे.

तुम्ही गोदाघाटावर फिरला असाल तर हे प्राणी पाहिले असतील. पायरीच्या फटीत बेडूक, कोनाड्यात खार, नळामागे साळुंकी. सगळे वीतभर. पाहुण्यांनी शोधून काढावेत म्हणून मुद्दाम लपवलेले. काकांनीच पितळेत ओतलेले. पण आपल्याकडे कोनाड्यात काही दिसलं की हात आधी कुंकवाकडे जातो. घाटावर माझं पूजासाहित्याचं दुकान आहे. मी कुंकू विकायचे, ते पुसायचे.

“माझा धंदा बसवणार तुम्ही,” मी म्हणायचे.

“आणि तुम्ही माझ्या खारीचा मारुती केलात.”

एक मूर्ती मात्र प्राण्याची नव्हती. माझ्या दुकानासमोर पाराच्या आडोशाला, लपाछपीत बसावं तशी गुडघे पोटाशी घेतलेली छोटी मुलगी. ती काकांचीच लेक. लहानपणी तापाने गेलेली. चेहरा आठवून आठवून मेणात घडवला होता. पितळ ओतताना मेण वितळून जातं, मग साचाही फोडावा लागतो, म्हणजे दुसरी होणं नाही. शिवाय काकांचे हात आता थरथरायचे.

मध्यंतरी ते आजारी पडले. तेवढ्यात कुणाचा तरी नवस फळला आणि मुलीची देवी झाली. शेंदराचे थर चढले, बांगड्या आल्या, एक इवला पाळणाही आला. चेहरा बुजला.

बरे झाल्यावर काका चिंधी घेऊनच आले. मीही शेंदूर सोडवायला तेल गरम करून ठेवलं होतं. पण समोर एक बाई तान्ह्याचं डोकं मूर्तीच्या पायांवर टेकवत होती. मागे आणखी बायका होत्या.

“मी सांगते त्यांना बाजूला व्हायला,” मी म्हटलं.

“नको. तिच्या कडेवर पोर आहे.”

काकांनी चपला काढल्या आणि रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर शेंदरात अंगठा दाबून काहीतरी चाचपत राहिले. मागची म्हणाली, आजोबा, आटपा.

“नाक लागतं अजून हाताला,” परत येऊन मला म्हणाले.

त्यानंतर दर मंगळवारी ते रांगेत असायचे. चिंधी पुन्हा कधी निघाली नाही. या थंडीत गेले.

परवा दुकान उघडण्याआधी मीही तिच्या शेंदरात अंगठा दाबून पाहिला. खूप दाबला. काही लागलं नाही.