वीतभर मासा

काल्हेरला खाडीच्या अंगाला आमचं एवढं एकच शेत उरलं होतं आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी गोदामं. पत्र्यांची धग दिवसभर अंगावर यायची. बाबांना तेही गोदामाला द्यायचं होतं. मी पडलो शाळेत विज्ञान शिकवणारा, मला भारी अक्कल! म्हटलं, तळं खोदू, मासे वाढवू. बाबांनी एकच अट घातली: अक्षय्यतृतीयेपर्यंत मासा वीतभर झाला तर शेत राहील, नाहीतर गोदाम.

श्रावणात रोहूची बोटाएवढी पिल्लं सोडली. खोदताना निघालेला खाडीचा काळा चिखल बांधावर रचला होता. आमच्याकडे सगळे असंच करतात, बांध घट्ट बसतो.

दिवाळीनंतर पाहिलं तर पिल्लं होती तेवढीच. शाळेतला निळा लिटमस पाण्यात बुडवला, लाल झाला. पाणी आंबट. मी ठरवूनच टाकलं की खाद्य कुजतंय, आणि खाद्य निम्मं केलं. आई उरलासुरला भात तळ्यात टाकायची, तिच्यावरही खेकसलो. तिने आठ-दहा पिल्लं कळशीत घालून घरामागच्या हौदात सोडली. मला हसूच आलं.

फाल्गुनात पाणी हाताला कोमट लागायला लागलं. पिल्लं मरेनात आणि वाढेनात. शाळा सुटली की मी काठावर येऊन बसायचो. आजूबाजूला भिंती, पुढ्यात ती उपाशी मासळी. जीव नुसता गुदमरायचा. उठून जाणार तरी कुठे?

अक्षय्यतृतीयेला जाळं टाकलं. बाबांनी एक मासा तळहातावर घेतला. तळहातसुद्धा भरला नाही. आई हौदातला मासा घेऊन आली. तो वीतभर होऊन वर दोन बोटं उरला. सावलीतला सिमेंटचा हौद आणि पोटभर भात, बस्स.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. बांधावरचा चिखल पाण्यात कालवून लिटमस धरला, तोही लाल. आंबटपणा चिखलातूनच झिरपत होता. गरम पाण्यात पिल्लांची भूक वाढलेली, आंबट पाण्यात नुसतं तगून राहायलाच ताकद संपत होती, आणि मी गाढवाने त्यांचा घास निम्मा केला होता. वेळेवर चुना टाकून आंबटपणा मारायचा, पोटभर घालायचं, एवढंच तर होतं!

बाबांना सगळं सांगितलं. अजून एक वर्ष द्या म्हणून हात जोडले. ते आईच्या माशाकडे बघत राहिले.

"आता न्हाय," ते म्हणाले. "गोदामवाल्यांना शब्द दिलाय मी."

आठवड्याने तळं बुजवायला मुरमाचा डंपर आला. हौदात मावली तेवढी पिल्लं आईने नेली होती. मी उरलेली खाद्याची गोणी घेऊन तळ्यावर गेलो. माझी पावलं वाजताच बाकीची सगळी नेहमीच्या कोपऱ्यात तोंडं उघडून गोळा झाली. मी अख्खी गोणी ओतली. पलीकडच्या काठाने डंपर मागे येत होता आणि ती खात होती.