हुंकाराशिवायचं रेकॉर्डिंग

कर्जतला आमच्या वाचनालयात म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी रेकॉर्ड करून पॉडकास्टवर टाकतात. मी चुलत्यांना तिथं नेलं, कारण दुसऱ्याच दिवशी त्यांना नगरच्या दवाखान्यात भरती करायचं होतं. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागणार होतं. त्यानंतर आवाज राहणार नव्हता.

आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. धनगराकडे मेंढरं राखायला राहिलेल्या लांडग्याची त्यांची गोष्ट घरातल्या सगळ्या पोरांनी ऐकलेली. शेवट मात्र एकालाही माहीत नाही. ऐकताना मधूनमधून "हं" म्हणायचं, हा त्यांचा नियम. हुंकार थांबला की पोरगं झोपलं असं समजून अण्णाही थांबायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. शेवटापर्यंत आमच्यातलं कुणी कधी जागं राहिलंच नाही.

ग्रंथपाल बाईंनी पंखा बंद केला, खिडकी लावली. मला म्हणाल्या, "दादा, मधे अजिबात आवाज नको. सगळं येतं त्यात."

अण्णांनी सुरुवात झकास केली. लांडगा येऊन धनगरासमोर बसला. तिथं ते थांबले.

"आरं, हायस का गेलास?"

मी मान हलवली, तशी माझी खुर्ची करकरली.

"मुंडी नको हलवू. हुंकार दे."

"आजोबा, तुम्ही बोलत राहा," बाई म्हणाल्या. "पुष्कळ लोक ऐकणार आहेत."

"कुठं हायत ती? एकबी हूं म्हनंना. मयताला बसल्यावानी वाटतंय."

बाईंनाही हसू आलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा लांडगा बसला आणि अण्णा थांबले. चूक कुणाचीच नव्हती. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं दादा, म्हणा तुम्ही हं." पण तोवर घसा थकला होता. कोमट पाणी दिलं, थोडा वेळ थांबलो. शब्दांऐवजी नुसती हवा येऊ लागली. अण्णांनी हात हलवला. "ऱ्हाऊ दे. उद्या बघू," ते कसंबसं म्हणाले. उद्या कुठं जायचंय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बाईंनी होतं तेवढं पॉडकास्टवर टाकलं. अकरा मिनिटं. त्यात गोष्ट जेमतेम चार मिनिटांची. बाकी खोकला, पाणी पिणं, आणि अण्णांचं मला हाका मारणं.

ऑपरेशन होऊन आता ते घरी आहेत. लिहिता येतं ते सहीपुरतंच. मी खुणांनी सांगायला लावून पाहिलं. लांडगा कळतो, धनगराची काठी कळते. त्यापुढं त्यांचे हात काय म्हणतात ते मला समजत नाही. मी चुकीचा अर्थ सांगितला की ते नाही म्हणून मान हलवतात, आणि चार-पाच वेळा तसं झालं की हात मांडीवर ठेवून देतात.

काल संध्याकाळी त्यांनीच मोबाईल माझ्यापुढं सरकवला. मी रेकॉर्डिंग लावलं. लांडगा येऊन बसला.

"आरं, हायस का गेलास?"

शेजारी बसलेल्या अण्णांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"हं," मी म्हणालो.

मोबाईलमध्ये नुसती खुर्ची करकरली.