उताराचं ॲव्हरेज

सुरतेत पर्वत पाटियाच्या पुढे एका मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या यार्डात मी डिझेलचा कारकून होतो. नव्वदीतली गोष्ट. दीडशेच्या वर गाड्या, आणि प्रत्येक गाडीनं किती किलोमीटरला किती डिझेल खाल्लं हे काढणारा मी एकटा. याला सगळे ॲव्हरेज म्हणत. ठरलेल्या ॲव्हरेजपेक्षा जास्त डिझेल लागलं, तर ते ड्रायव्हरच्या पगारातून कापलं जाई. ड्रायव्हर मला तोंडावर भाऊसाहेब म्हणत आणि पाठ फिरली की थेंबमोज्या म्हणत. हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

माझं ठाम मत होतं की ड्रायव्हर डिझेल विकतात. कुणी खिडकीशी येऊन म्हणालं, ‘घाटात गाडी ओढत नाही, जास्त लागतं,’ की मी मागच्या फळ्याकडे बोट करायचो. फळ्यावर एकाच माणसाचा आकडा होता, साडेचार. तो आमचा जळगाव लाइनचा ड्रायव्हर, अमळनेरकडचा, माझ्याच भागातला, पंचेचाळिशीचा, अबोल. त्याची गाडी लिटरला साडेचार किलोमीटर द्यायची. ‘त्याला जमतं, मग तुम्हाला का नाही?’ एवढं विचारलं की समोरचा कागद सरकवून निघून जाई. पुढे मी साहेबांना सुचवून तोच आकडा त्या लाइनच्या सगळ्या गाड्यांना लावून दिला. साहेब खूश झाले. त्या दिवाळीला मला मिठाईचा डबा जरा मोठा मिळाला.

त्याच दिवाळीला मी बहिणीकडे जळगावला गेलो होतो. परतताना एसटीला मुंगीला शिरायला जागा नव्हती. आमच्या जळगाव ऑफिसात गेलो तर हाच ड्रायव्हर तूरडाळीची पोती भरून सुरतेला निघालेला. त्याच्या शेजारची जागा रिकामीच होती, कारण खर्च वाचवायला कंपनीनं त्या लाइनवरचे क्लीनर काढून टाकले होते. मी पिशवी वर टाकली. तो मात्र कावराबावरा झाला.

“भाऊसाहेब, तुमी येष्टीनं जा ना. आठे तुमनी कंबर मोडी जाई.”

मला लगेच वास आला. वाटेत कुठल्यातरी ढाब्यावर हा डिझेल काढून देत असणार, म्हणून मी नको. म्हटलं, चला, आज फळ्यावरच्या हिऱ्याची पारख होऊन जाऊ दे. मी चढून बसलो.

धुळं गेलं, साक्री गेलं. तो कुठे थांबला नाही, कुणाला भेटला नाही. मी टाकीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवत होतो आणि मनातून जरा नाराजच होत होतो. दुपारी तीनच्या सुमारास कोंडाईबारी घाटाच्या माथ्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली. खाली उतरून एकेका टायरला लाथ मारून पाहिली. मग वर येऊन, इंजिन चालूच ठेवून, समोरच्या हवेच्या दाबाच्या काट्याकडे पाहत बसला. काटा पुरता वर गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला,

“भाऊसाहेब, ॲव्हरेज भरानं का?”

हा काय प्रश्न झाला! मी ऑफिसातल्याच आवाजात म्हणालो, “भरायलाच पाहिजे.”

त्यानं स्टिअरिंगला कपाळ टेकवलं. गाडी उताराला लागली आणि त्यानं खालचा एक गोळा ओढला. एकाएकी सगळं शांत झालं. सकाळपासून डोक्यात घुमणारी घरघर गेली आणि सागाच्या पानांची सळसळ ऐकू यायला लागली. पोत्यांची करकर, टायरांचा आवाज, गार वारा. मी पाय सैल सोडले. इतकं सुखाचं मला त्या प्रवासात वाटलं नव्हतं. शेजारी पाहिलं तर त्याचे ओठ हलत होते. घाटात माणूस देवाचं नाव घेतोच, मला त्याचं कौतुक वाटलं. मीही हात जोडून सप्तशृंगीचं नाव घ्यायला लागलो.

एका वळणावर समोरून एसटी आली, मागोमाग बैलगाडी. त्यानं दोनदा ब्रेक दाबला, फुस्स फुस्स आवाज झाला, आणि त्याचे ओठ पुन्हा हलले. गाडीचा वेग मला आता जरा जास्त वाटला.

“भाऊ, कोणत्या देवाचं नाव घेता?” मी विचारलं.

“देवनं नाव नही, भाऊसाहेब. ब्रेक मोजी राह्यनू. पाच व्हयनात.”

मला काही कळेना. मग रस्त्यावरची नजर न हलवता त्यानं सांगितलं. तो गोळा ओढून त्यानं इंजिन बंद केलंय, गाडी न्यूट्रलला आहे. घाटाचे एवढे किलोमीटर डिझेलचा थेंब न लागता निघतात, म्हणून साडेचार भरतं. फक्त इंजिन बंद असलं की हवेच्या टाकीत नवी हवा भरत नाही आणि ब्रेक तर हवेवर चालतो.

“आठ येळा पुरस हवा. नववीना भरोसा नही.”

माझी पाचावर धारण बसली. शुद्ध मराठी बोलण्याचा माझा सगळा तोरा गळून पडला आणि मी घरच्या बोलीत ओरडलो, “चालू कर ना रे भो! मी ॲव्हरेज सोडी देस तुले!”

“आते इतला येगमां गिअर पडाव नही. बठा गुपचूप.”

मी गुपचूप बसलो आणि आता मीही मोजायला लागलो. सहा. पुढचं वळण त्यानं ब्रेक न लावता काढलं, पोती एका बाजूला कलली. मग सात. झाडी विरळ झाली, सपाट रस्ता दिसला, आणि गाडी आपोआप मंदावत गेली. त्यानं इंजिन सुरू केलं. ती घरघर ऐकून मला रडू आलं. त्यानं मला पाणी दिलं आणि उरलेलं स्वतःच्या तोंडावर मारलं. दर खेपेला हा असाच उतरत होता. आणि मी त्याचा आकडा सगळ्यांना लावला होता, म्हणजे बाकीचेही आता असेच उतरत असणार.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“एमां शुं? बद्धा करे छे,” ते म्हणाले. सगळेच करतात, त्यात काय. माणसाच्या जिवाबद्दल बोलून तिथे काही उपयोग नव्हता. मग मला सगळ्यात जड जाणारं वाक्य मी बोललो. “साहेब, तो आकडा मी काढलाय आणि तो चुकलाय.” हिशेबात चूक म्हटल्यावर मात्र त्यांनी मान वर केली. ठरलं ते असं की टाकी काठोकाठ भरून तीच गाडी, तोच ड्रायव्हर, पूर्ण घाट गिअरमध्ये उतरून येईल. परत आल्यावर टाकी पुन्हा काठोकाठ भरून मोजायची.

मी त्याला बजावून पाठवलं. तरी परतीच्या दिवशी सकाळी आठपासून मी यार्डाच्या फाटकात उभा होतो. त्याचा माझ्यावर विश्वास का असावा? कित्येक वर्षं मीच ड्रायव्हरांचे पगार कापत आलो होतो. ऐनवेळी त्याला पगाराची भीती वाटली आणि त्यानं पुन्हा तो गोळा ओढला तर? दहा वाजले, साडेदहा वाजले. नेहमी दहाच्या आत येणारी गाडी आली नव्हती. बारडोलीकडून येणारा प्रत्येक ट्रक मला त्याचाच वाटे. चहावाल्यानं दोनदा ग्लास आणून दिला आणि दोन्ही वेळा तो माझ्या हातात गार झाला.

अकराला गाडी वळली. माझा जीव भांड्यात पडला. गिअरमध्ये घाट उतरायला वेळ लागतो, एवढंच कारण होतं. टाकी भरली, मोजलं. ॲव्हरेज जेमतेम चारला पोचलं होतं. एवढा वाईट आकडा मी इतक्या आनंदानं कधी लिहिला नव्हता. साहेबांनी दोनदा तपासला, कपाळाला आठ्या घातल्या आणि घाटाच्या लाइनला चारच लावून सही केली. आधी कापलेलं कुणाला परत मिळालं नाही, क्लीनरही परत आले नाहीत. फळा मी स्वतः पुसला.

पुढच्या खेपेनंतर तो खिडकीशी कागद द्यायला आला. कागद दिला तरी जाईना. मी विचारलं, “आता काय राहिलं, भाऊ?”

“काही नही, भाऊसाहेब,” तो जरा लाजत म्हणाला. “आते घाटमां तोंड रिकामं ऱ्हास. गाना म्हणस.”